चौथं पान

दामूअण्णांच्या हातात लग्नपत्रिका दिली तरी ते आधी तिची पानं मोजत. मग मागची बाजू बघत, छापखान्याचं नाव वाचत आणि शेवटी नवरा-नवरीकडे वळत. तालुक्याच्या कोर्टात त्यांनी सारा जन्म कारकुनी केली होती. "खोटा कागद बोलत नाही रे," ते म्हणत, "गप्प बसतो. कुठे गप्प बसलाय ते शोधायचं."

दिवेआगरात त्यांची वाडी आमच्या वाडीला लागून. मी न्हावा शेव्याला एका माल पाठवणाऱ्या कंपनीत कागदपत्रं बघत होतो आणि त्रेचाळिसाव्या वर्षी वकिलीच्या शेवटच्या वर्षाला होतो. मुंबईत जमिनीचे व्यवहार बघणाऱ्या एका फर्मने मला मुलाखतीला बोलावलं. बाकीचे उमेदवार तेविशी-चोविशीतले. माझ्या वयाच्या माणसाला दुसरं बोलावणं येणार नव्हतं.

हे कानावर गेलं तसे अण्णा आपणहून आमच्या पायरीवर येऊन बसले. दर रविवारी ये, कागद वाचायला शिकवतो, म्हणाले. "कलमं पुस्तकात सापडतात. ते तुला दस्त देतील आणि विचारतील, यात काय चुकलंय? तिथे पुस्तक काय कामाचं?" सरावासाठी आमच्याच वाडीचं जुनं खरेदीखत आण, असंही सांगितलं.

तिथे माझ्या मनात पाल चुकचुकली. वादळात दोन्ही वाड्यांच्या मधली उंडीची झाडं पडली होती आणि आमची हद्द म्हणजे तीच झाडं. मी नवं कुंपण अंदाजाने घातलं. पुढे खत काढून वाचलं, तेव्हा कळलं की कुंपण अण्णांच्या वाडीत चार हात गेलंय. चौथ्या पानावर चतुःसीमा होत्या, चारी बाजूंना काय आहे आणि विहिरीपासून हद्द किती हातांवर आहे ते सगळं. कुंपणाबद्दल अण्णा कधी अक्षर बोलले नव्हते, त्यामुळेच मला जास्त संशय आला. मुलाखत हा बहाणा, त्यांना ते पान हवंय, असं मी ठरवून टाकलं. झेरॉक्स नेली ती चौथं पान घरी ठेवून.

अण्णांनी पानं दोनदा मोजली. "चौथं कुठाय?"

झेरॉक्सवाल्याकडे राहिलं असेल, मी म्हणालो.

"बरं." त्यांनी एक कोरा कागद काढून तिसऱ्या आणि पाचव्या पानाच्या मध्ये घातला. पान हाती नसलं तर त्याची जागा अशी धरून ठेवायची आणि ते कुठे आहे ते वर लिहायचं, ही त्यांची कोर्टातली सवय. पेन्सिलीने त्यांनी काहीतरी लिहिलं. मी वाचलं नाही. मुद्दामच नजर वळवली.

सात रविवार मी गेलो. बनियनवर शर्ट चढवून अण्णा मुलाखत घेणारे साहेब होत. एवढं वय कसं झालं, इतकी वर्षं काय झोपला होतात, असं खोचून विचारत. मी अडखळलो की आतून काकू म्हणत, "अहो, त्याला चहा तरी पिऊ द्या. नोकरी काही तुम्ही देणार नाही आहात." मी हसत असे, पण लक्ष अण्णांच्या नजरेवर. त्यांच्या प्रत्येक प्रश्नात मला विहीर ऐकू येई.

मुलाखतीत खरंच एक दस्त समोर ठेवला. मी पानं मोजली. सातवं नव्हतं. छपाईत राहिलं असेल, मुलाखत घेणाऱ्या तिघांतल्या वयस्क बाई म्हणाल्या. मी पिनेची भोकं दाखवली, दोन जोड्या होत्या. एकदा उघडून पुन्हा टाचलेलं. "हे कोणीतरी काढून ठेवलंय," मी म्हणालो. "काढणाऱ्याला नको असलेलं त्याच पानावर असणार." एवढी खात्री कशी, त्यांनी विचारलं. मी अनुभव आहे म्हणालो. कंपनीतला, असा त्यांनी समज करून घेतला.

नोकरी लागली. पेढे घेऊन गेलो. अण्णांनी खोका उघडून पेढे मोजले. "अकराच. बारावा वाटेत खाल्लास." मग विचारलं, "पान कमी होतं ना?"

"हो. सातवं."

ते माझ्याकडे बघत राहिले. त्या वेळी मी बोलायला हवं होतं. मी नमस्कार करून निघालो आणि त्यानंतर रविवारी जाणं सोडलं. गावी आलो तरी मागच्या वाटेने जायचो.

वर्षाच्या आत अण्णा गेले. तेराव्यानंतर काकूंनी माझ्या कागदांचा गठ्ठा परत दिला. तो कोरा कागद जागच्या जागी होता. वर पेन्सिलीने लिहिलेलं: "पान ४. स्वतः आणून देईल." खाली त्यांची कोर्टातली आखूड सही. लग्नपत्रिकेवरही विश्वास न ठेवणारा माणूस.

त्या आठवड्यात मी कुंपण चार हात मागे घेतलं. मग चौथं पान काकूंच्या हातात दिलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. पानाकडे त्यांनी पाहिलंही नाही.

"एवढंच होतं?" त्या म्हणाल्या. "मग रविवारचं येणं का रे बंद केलंस? ते तुझी खुर्ची काढून ठेवायचे."