जावयाने घातलेलं फर्मवेअर

सदर नावाच्या वस्तीतल्या बाजारात अंकुशचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. फोन उघडण्याआधीच त्याला बहुधा आजार कळतो. पार काटोलहून लोक येतात. येत नाही ती फक्त त्याची आई.

सिंधूताई नर्सच्या नोकरीतून निवृत्त झाल्या तेव्हा जावई ऋषीने त्यांना जुन्या व्हिडिओ गेमचं तळहाताएवढं यंत्र आणून दिलं. वरून पडणारे ठोकळे रचण्यात त्यांची दुपार जाते. यंत्र अडलं की त्या बस धरून कन्हानला लेकीकडे जातात. राहतात मात्र अंकुशकडे.

"काहून वं आई, घरातला कारागीर दिसत नाही का तुले?"

"तू दिवसभर लोकायचे फोन खोलतं. जवाई हौसेनं करते."

हौसेनं! हा शब्द अंकुशला काट्यासारखा सलत राहिला. ऋषी खाणीच्या ऑफिसात कारकून. जे शिकला ते व्हिडिओ पाहून.

याच हौसेत ऋषीने एकदा कंपनीचं मंद फर्मवेअर, म्हणजे यंत्र चालवणारी मूळ प्रणाली, काढून इंटरनेटवरचं नवीन टाकलं. दिवा लागला, पडदा काळाच. सिंधूताई तोंड पाडून परतल्या. अंकुश आतल्या खोलीत जाऊन हसला, मग बाहेर आला.

"दे इकडं."

"देते, पन जवायाले काही बोलू नको. त्यायनंच फोनवर सांगून ठीक करवलं, असं म्हणीन मी."

"म्हणजे काम माहं आन नाव त्यायचं?"

"लेकीचं घर आहे गा."

दिसायला सारख्या या यंत्रांत पडदे दोन प्रकारचे येतात. ऋषीने दुसऱ्याच पडद्याचं फर्मवेअर टाकलं होतं. अंकुशने योग्य ते घातलं, आईचा अर्धवट राहिलेला खेळही त्यात परत आणला. एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण या फर्मवेअरमध्ये यंत्र सुरू होतानाचं चित्र बदलता येतं. त्याने तिथे दुकानाची पाटी बसवली.

रविवारी ऋषी आणि तारा जेवायला आले. पानं मांडली जात होती तेव्हा सकाळीच परत मिळालेलं यंत्र सिंधूताईंनी कौतुकाने पहिल्यांदा सुरू केलं. लाल अक्षरं उमटली: 'अंकुश मोबाईल, सदर'.

"दादा, इथंही धंदा?" तारा हसली. ऋषी हसला नाही.

"जवाई, हे नाव तेवढं काढून द्या," सिंधूताई म्हणाल्या. "खेळ सुरू व्हायले टाइम लागते."

ऋषीने यंत्र उलटसुलट केलं. "मले नाही जमत, आई. भाऊले सांगा."

"उद्या दुकानात घेऊन ये," अंकुश लगेच म्हणाला. "काढून देतो."

सिंधूताईंनी मुलाकडे नीट पाहिलं.

"राहू दे मंग."

यंत्र परत घेऊन त्यांनी पुन्हा सुरू केलं, नाव जाईपर्यंत थांबल्या आणि ठोकळे रचू लागल्या. मान वर न करताच म्हणाल्या, "तारा, जवायाले आधी वाढ वं."