आखूड थडग्याचा सैनिक

आमची सालोमी आत्या एखाद्याच्या मागे लागली की त्याची मरूनही सुटका नाही. हान्स रुडॉल्फ शाफ्नरला मरून दोनशे वर्षं उलटली होती, तरी ती हात धुऊन त्याच्या मागे! हा आमचा मूळ पुरुष. स्वित्झर्लंडमध्ये बाझलजवळच्या खेड्यातून निघाला, जहाजातून पेनसिल्व्हेनियात उतरला, मागावर कापड विणलं आणि क्रांतियुद्ध पेटल्यावर इंग्रजांशी लढला. ठाऊक होतं ते एवढंच. बाकीचं आत्यानं पदरचं घातलं. उंची सहा फुटांच्या वर, खांदे दारात न मावणारे, आवाज असा की इंग्रजांचे घोडे बिथरायचे. "तुला कोणी सांगितलं?" असं विचारायची आमच्यात कोणाची छाती नव्हती.

आत्यानं सगळं आयुष्य शाळेच्या स्वयंपाकघरात काढलं. सुट्टी लागली की क्लेटन आतोबांना गाडीत कोंबायची आणि स्मशानं पालथी घालायची. आतोबा स्वभावानं गरीब, अंगानं मात्र चांगले ऐसपैस. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला बिचारे नायगारा बघायला निघाले होते. वाटेतली थडगी बघून परत आले. वर आत्याचं म्हणणं, "पाणी काय, नळाला पण येतं."

आणि हान्स सापडला कुठे, तर आपल्याच गावात, टेकडीवरच्या चर्चमागे! दगडावर नाव स्पष्ट, खालची तारीख झिजून गेलेली. "त्याच्या मुलाचंही नाव हेच होतं," आत्यानं आम्हाला बजावलं, "पण तो मुलगा पुरलाय ओहायोत. म्हणजे हा बापच!" आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या.

मग काय, ऑगस्टमधल्या शाफ्नर मेळाव्यात थडग्यावर ब्राँझचा फलक बसवायचा ठरला. क्रांतिसैनिकांच्या वंशजांचं एक मंडळ आहे, त्यातले मिस्टर हॅलोवेल फलक घेऊन येणार होते. आत्या तेव्हा अठ्ठ्याहत्तरची. "एवढं एक झालं की मी डोळे मिटायला मोकळी," असं ती येता-जाता म्हणायची. हान्सच्या शेजारची जागासुद्धा तिनं स्वतःसाठी धरून ठेवली होती. आतोबांसाठी धरली होती का, हे मी विचारलं नाही.

मेळाव्याच्या सकाळी मी आणि आतोबा थडग्यावरचा वेल उपटत होतो. जुन्या थडग्यांना आमच्याकडे दोन दगड असतात, एक उशाला आणि एक पायाशी. वेलाखाली तो पायाशीचा दगड निघाला, उशापासून जेमतेम हातभर लांब.

"लोइस," आतोबा मला म्हणाले, "हा माणूस फारच बुटका होता का गं?"

तेवढ्यात आत्या बिटाच्या रसात मुरवलेल्या अंड्यांचं पातेलं घेऊन आली. दगड बघून जागीच थांबली.

"पाय गेले असतील युद्धात," ती म्हणाली.

"दोन्ही?"

"मोठं युद्ध होतं, क्लेटन!"

"मग छातीपासून खालचं पण गेलं असणार," आतोबा अंतर बघत म्हणाले.

"उभाच पुरला असेल," मी म्हटलं.

"तू गप गं! थट्टा सुचतेय हिला!" आत्या खेकसली, पण तिचा चेहरा उतरला. मूल गेलं की पुढच्या मुलाला तेच नाव द्यायची आमच्या लोकांची जुनी रीत. ती आत्यापेक्षा जास्त कोणाला ठाऊक असणार? ती स्वतःच दुसरी सालोमी. पहिली सालोमी तान्ही असतानाच गेली. पलीकडच्या रांगेत, कोकरू कोरलेल्या दगडाखाली आहे. अक्षरं शिकली तेव्हा आत्यानं स्वतःचं नाव पहिल्यांदा त्या थडग्यावर वाचलं होतं. हान्सच्या घरीही तेच घडलेलं. पहिला लेक इथे, त्याच नावाचा दुसरा ओहायोत. आणि बाप कुठे, ते देवालाच ठाऊक.

खाली गाड्या यायला लागल्या. आत्यानं पातेलं माझ्या हातात दिलं.

"क्लेटन, त्या दगडावर बस."

"अगं, पण..."

"संपेपर्यंत उठायचं नाही. हॅलोवेलनं हा दगड बघितला तर फलक परत घेऊन जाईल."

आतोबा बसले. दगड दिसेनासा झाला, त्यांच्या ऐसपैस अंगाला ते काही अवघड गेलं नाही. मिस्टर हॅलोवेल क्रांतियुद्धातल्या सैनिकांसारखी तिकोनी टोपी घालून आले आणि बोलत सुटले. ऊन मी म्हणत होतं. आतोबांच्या गळ्यावरून घाम ओघळत होता. वेलातल्या मुंग्यांनी त्यांना शोधून काढलं असावं, कारण ते बसल्या जागी हळूहळू डुलत होते. आमच्या चुलत भावंडांना वाटलं, म्हातारा भाषणानं भारावला.

मग निवृत्त फायरमन एर्लनं बिगूल तोंडाला लावला. सगळे उभे राहिले, एकटे आतोबा सोडून.

"अहो महाशय," हॅलोवेल कडाडले, "वीराच्या मानवंदनेला बसून राहता? उठा!"

आतोबांनी आत्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा बिटाच्या अंड्यासारखा झाला होता, पण गडी हलला नाही. आत्या मात्र त्यांच्याकडे बघतच नव्हती. ती पलीकडच्या रांगेतल्या कोकराकडे बघत होती. मला तर वाटलं, ही आता पडते.

"ऊठ, क्लेटन," ती म्हणाली. "लेकराच्या पायांवर बसलायस तू."

ते उठले. दगड सगळ्यांना दिसला. आत्यानं काहीही न लपवता सांगून टाकलं, की इथे सैनिक नाही, त्याचं तान्हं मूल आहे, आणि चूक माझी. हॅलोवेलनी फलक काखोटीला मारला, तोंड वाकडं केलं आणि गाडीकडे चालू लागले. जाताना माझ्या पातेल्यातलं एक अंडं उचलायला विसरले नाहीत.

एर्ल बिगूल हातात धरून तसाच उभा. "मग सालोमी, मी वाजवू का नको?"

आत्यानं खाली वाकून दगडावरच्या मुंग्या झटकल्या.

"वाजव की. इतक्या वर्षांत त्याच्याकडे कोण आलंय? फक्त हळू वाजव, लेकरू झोपलंय."

एर्लनं हळू वाजवलं. आतोबा टोपी छातीशी धरून उभे होते, मागे पँटला वेल चिकटलेला, आणि सगळ्यांत मोठ्यानं तेच रडत होते.