पोटभर श्वास

आमच्या अतिदक्षता विभागात भुलीच्या डॉक्टर मॅडमना सगळे पाठीमागे ‘कंजूष मॅडम’ म्हणायचे. बाई खाऊ घालण्यात उदार, रागावण्यात त्याहून उदार. पण व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला हवा द्यायची म्हटलं की हात आखडता. अंगठा आणि बोट जवळ आणून दाखवायच्या, ‘‘एवढीच.’’

नातेवाइकांना ते कुठून पटणार? छाती चांगली वरखाली झाली की त्यांना धीर येतो. एकदा उमापूरचा एक जण चिडला, ‘‘मॅडम, भावाची छाती हालंना बी. हवा वाढवा की!’’

मॅडमनी त्याच्या आईला विचारलं, ‘‘मावशी, जुन्या, विरी गेलेल्या पिठाची भाकर कशी थापता?’’

‘‘लई दमानं. जोर लावला की चिरती.’’

‘‘ह्याचं फुफ्फुस आता तसंच झालंय. सुजलंय. मशीननं ताणलं की आतनं फाटतंय. अन् फाटलेलं मला सांधता येत न्हाई.’’

तो पेशंट वाचला. सगळेच वाचायचे असं नाही. कुणी गेलं की मॅडम आम्हा सिस्टरांना विनाकारण झापायच्या आणि मग स्वतःच्या डब्यातली भाकर पुढे सरकवायच्या. मला त्यांचा राग यायचा, आणि त्या रजेवर असल्या की करमायचंही नाही.

गेल्या हिवाळ्यात मॅडमच न्यूमोनियाने आमच्याकडे भरती झाल्या. नळी घालण्याआधी त्यांना बोलवत नव्हतं. माझ्याकडे बघत त्यांनी अंगठा आणि बोट जवळ आणलं. मी म्हटलं, ‘‘हो मॅडम. एवढीच.’’

त्यांचे थोरले भाऊ केजहून आले. तालुक्याचे पुढारी, नकार ऐकायची सवय नाही. बहिणीची जेमतेम हलणारी छाती पाहून ते ओरडले, ‘‘अरे, हवा वाढवा! जीव कोंडतोय तिचा!’’ ड्यूटीवरचे डॉक्टर मॅडमच्याच हाताखाली शिकलेले. त्यांना सगळं ठाऊक होतं, पण भाऊंचा आवाज मोठा होता. डॉक्टरांचा हात बटणाकडे गेला. मी नुसती बोटं जवळ आणून दाखवली. त्यांनी हात मागे घेतला.

तरी मॅडम गेल्या. सूज उतरलीच नाही.

गाडीत बसण्याआधी भाऊ माझ्यापाशी थांबले. या वेळी ओरडले नाहीत. ‘‘सिस्टर, जाताना तरी तिला पोटभर श्वास घेऊ द्यायचा होता.’’

त्यांना पिठाचं सांगावं असं फार वाटलं.

मी आत आले. मॅडमच्या खाटेवर नवा पेशंट घेतला होता. डॉक्टरांनी मशीनवर हात ठेवून माझ्याकडे पाहिलं. मी बोटं जवळ आणली.