नावाआधीचं टिंब

आमच्या वीज कार्यालयाच्या तक्रार खिडकीवर काकू सव्वीस वर्षं बसल्या. जिभेला हाड नसलेली बाई. हिरव्या अक्षरांच्या जुन्या संगणकाला त्या ‘म्हातारी’ म्हणत. “म्हातारी रुसली की तिच्या कलानं घ्यायचं,” असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

म्हातारीत ग्राहकाचं नाव, पत्ता, फोन आणि मीटर नंबर एवढीच जागा. घरात कुणी श्वासाच्या यंत्रावर आहे, हे लिहायला रकानाच नव्हता. म्हणून काकू अशा नावाआधी एक टिंब द्यायच्या. टिंब दिलं की नाव यादीत सगळ्यात वर येई. दुरुस्तीसाठी लाइन बंद करायची असली की आदल्या दिवशी त्या वरच्या नावांना फोन लावत. “उद्या दहा ते एक वीज नाही. बॅटरी भरून ठेवा, नाहीतर लेकीकडे जा.” असं करायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मी शेजारीच बसायचो, पण मला वाटे, काकू गप्पा हाणतायत.

त्या निवृत्त झाल्या आणि दोन महिन्यांनी नवी प्रणाली आली. जुनी माहिती तिच्यात भरायचं काम माझ्याकडे होतं. नावांतली फालतू चिन्हं मी एका फटक्यात पुसली. ‘बेचाळीस नावं दुरुस्त,’ असं पडद्यावर आलं. साहेबांनी पाठ थोपटली, मीही फुशारलो. माहितीची प्रत ठेवली होती, पण मी शहाण्याने ती पुसून झाल्यावर घेतली होती. म्हातारी भंगारात गेली.

तिसऱ्या आठवड्यात एका शिंप्याची बायको गेली. लाइन बंद, यंत्र बंद, आणि शिंपी दुकानात. तो खिडकीवर आला, पण भांडला नाही.

“त्या बाई दर वेळी फोन करायच्या,” तो म्हणाला. “या वेळी का नाही केला?”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी “चौकशी करतो” म्हणालो. त्या उत्तराची मला अजून लाज वाटते.

संध्याकाळी काकूंकडे गेलो. वाटलं, आता माझी बिनपाण्याने हजामत होणार. पण बेचाळीस टिंबं पुसली हे ऐकून त्यांनी कागद घेतला आणि आठवून आठवून नावं लिहू लागल्या, प्रत्येकाआधी टिंब देऊन. शिंप्याच्या बायकोचंही लिहिलं आणि मग खोडलं. दोन तासांनी, खोडलेलं धरून, एकेचाळीस झाली.

“एक राहिली रे. कापऱ्या आवाजाची आहे. दर वेळी म्हणते, बरं झालं सांगितलंत. नाव काही येत नाही ओठावर.”

शेवटच्या ओळीवर त्यांनी नुसतं टिंब दिलं.

नव्या प्रणालीत आता त्यासाठी वेगळा रकाना आहे. वरातीमागून घोडं. आम्ही सूचना लावल्या, ग्राहकांना संदेश पाठवले, पण ती बाई काही पुढे आली नाही.

आज सकाळी काकूंचा फोन आला. नाव आठवलं असेल म्हणून मी धावत उचलला.

“आज कुठली लाइन बंद आहे?” त्यांनी विचारलं.