रोवणीचं शेवटचं कडवं

चंद्रपूरच्या मातीला स्वतःचा आवाज मिळाला, तो आमच्या लोकगीतांच्या रेडिओ केंद्रामुळे. हे वाक्य केंद्राच्या दारावरच्या फलकावर आहे. ते मीच लिहिलेलं असल्यामुळे त्याच्या खरेपणाबद्दल मला इतरांपेक्षा थोडं जास्त ठाऊक आहे.

पहिले काही महिने या मातीचा आवाज म्हणजे कोळीगीतं होती. लोकगीतांच्या नावाखाली कुणीतरी देणगी दिलेल्या सीडींमध्ये तीच होती. दर्या, गलबतं, नारळी पुनव. आमच्याकडे मासे धरणारे पुष्कळ आहेत, पण ते तलावात आणि वैनगंगेत धरतात. समुद्र त्यांनी पाहिलेला नाही. त्यांची तक्रार आली नाही. बहुधा त्यांनी ऐकलंच नसावं.

केंद्र म्हणजे बाजारातल्या एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरची खोली. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना अंड्यांचे ट्रे ठोकलेले. बाहेर लांब व्हरांडा, त्याच्या टोकाला शिवणवर्गाचं शटर. मी महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून निवृत्त झालो होतो आणि दुपारचं निवेदन करायचो. यंत्रं सांभाळायला एक मिस्त्री होता. टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान त्याने, टेपरेकॉर्डरच उरले नाहीत म्हणून, बंद केलं होतं. त्याला सगळे भाई म्हणत. आणि या सगळ्यावर आमचे अध्यक्ष होते. त्यांना ‘अस्सल’ हा शब्द फार आवडायचा. एक दिवस ते मला म्हणाले, “आपल्याला अस्सल काहीतरी हवं.”

श्रावणात गोंडपिपरीच्या रस्त्याने जाताना मला ते मिळालं. पाच बाया बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, वाकून धान रोवत होत्या आणि गात होत्या. मी गाडी थांबवली, धुऱ्यावर, खाचराच्या कडेच्या बांधावर, उभा राहून ऐकलं आणि त्यांना केंद्रावर येण्याचं निमंत्रण दिलं. पुढे गाणारी पन्नाशीची बाई कंबरेवर हात देऊन सरळ झाली.

“येऊ ना जी, रोवणी झाल्यावर. पण तुमचा रेडू बल्लारपुरात आयकू येते का?”

येतो, म्हणालो. खिडकीत ठेवला तर येतो.

“मंग येतो. माही माय तिथी हाय, भावाकडं. तो पेपर मिलमधी हाय. कंबर मोडली तिची, दोन सालापासून बांधीत पाय नाई टाकला. हे गाणं तिचंच हाय. तिले आयकवाचं हाय.”

गुरुवारी दुपारी चार वाजता लागेल, असं मी तिथेच सांगून टाकलं. अशी आश्वासनं देण्याचा मला कुणी अधिकार दिलेला नव्हता.

रोवणी आटोपल्यावर पाचही जणी बसने आल्या. अध्यक्ष कोरा सदरा घालून फोटोसाठी हजर होते. भाईने गादी अंथरली, समोर मायक्रोफोन ठेवला. बाया बसल्या आणि गाणं काही येईना. दुसरी ओळ कुणालाच आठवेना.

“बसून कसं येईन जी?” पुढची बाई म्हणाली. “बसून तं मयतीत रडतेत.”

उभं राहूनही आलं नाही. शेवटी ती वाकली, तिच्या पाठोपाठ चौघी वाकल्या, आणि गाणं आपोआप सुरू झालं. भाईने मायक्रोफोन विटेवर ठेवला. पहिलं कडवं उत्तम उतरलं. दुसऱ्या कडव्याला बाया एक पाऊल मागे सरकल्या. रोवणी मागे सरकतच करतात; पुढे सरकलं तर रोवलेलं पायाखाली येतं. तिसऱ्या कडव्याला त्या दारात होत्या, चौथ्याला व्हरांड्यात.

भाईने कानांवरचा हेडफोन काढला. “ये लोग जा कहाँ रहे हैं?”

मायक्रोफोन उचलून तो त्यांच्या मागे निघाला, तशी पुढची बाई गाणं न थांबवता हाताने त्याला अडवायला लागली. कडवं संपल्यावर तेवढ्या उसंतीत ओरडली, “अरे भाऊ, कुठी येऊन राह्यला? आत्ताच रोवलं तिथी!”

भाईने खाली फरशीकडे पाहिलं आणि खरंच पाय मागे घेतला. चपलाही काढल्या.

अध्यक्ष व्हरांड्यात फोटोच्या तयारीत उभे होते. पाच वाकलेल्या बाया पाठमोऱ्या आपल्या दिशेने येताहेत, हे त्यांच्या जरा उशिरा लक्षात आलं. बाजूने निघून जायला जागा नव्हती. तेही मागे सरकू लागले. सरकत सरकत शिवणवर्गाच्या शटरला टेकले. दुपारी ते बंद असतं. बाया त्यांच्यापासून हातभर अंतरावर थांबल्या, सरळ झाल्या आणि गाणं थांबलं.

अध्यक्षांनी सदरा झटकला, आत येऊन ध्वनिमुद्रण ऐकलं आणि नोंदवहीत लिहिलं: “आवाज उत्तरोत्तर क्षीण. गीत अपूर्ण. प्रसारित करू नये.” हेच गाणं महाविद्यालयाच्या संगीत विभागातल्या मुलींकडून पेटीवर बसवून घ्यावं, असंही त्यांनी सुचवलं.

बाया तोवर बसला गेल्या होत्या. जाताना पुढची बाई मला म्हणाली, “गुरुवारी चार वाजता ना जी? भावाले सांगून ठेवतो, रेडू खिडकीत ठेव म्हणून.”

मी हो म्हणालो.

गुरुवारी चार वाजता अध्यक्षांचा एका शाळेत सत्कार होता. सत्कार हे त्यांचं नेहमीचंच होतं, त्यामुळे याला मी धाडस म्हणणार नाही. मी भाईकडे पाहिलं, भाईने नोंदवही मिटून तिच्यावर चहाचा कप ठेवला, आणि आम्ही गाणं लावलं. जसं होतं तसं; जवळून सुरू होऊन लांब जात संपणारं.

दुसऱ्या दिवशी फोन आला. ती बाई बल्लारपुरातूनच बोलत होती, आईजवळ बसून ऐकायला म्हणून गेली होती.

“ऐकलं का आईनं?”

“आयकलं ना जी. डोये मिटून पडून होती. आम्ही मांगं मांगं जाऊन राह्यलो तं बोटं हालवे, पऱ्हे रोवल्यावानी. मंग उठून बसली अन् मलेच बोलली.”

“काय बोलल्या?”

“म्हणे, धुऱ्याले पाय लागल्यावर म्हणाचं शेवटचं कडवं कुठी हाय? तुमी कोपरा सोडला. काऊन सोडला? मी म्हटलं, राह्यला माय. तं म्हणे, दोन साल मी नाई तं तुमी कोपरे सोडून राह्यल्या काय?” ती हसत होती, पण जरा लागलंही होतं. “मले विचारून राह्यली, तिथी काय होतं म्हणून. काय सांगू जी?”

मी खरं तेच सांगितलं. तिथे अध्यक्ष उभे होते.