व्हॉल्व्हला लावलेलं कुंकू

सुगंधा परब विसरणाऱ्यांतली नव्हती. चारकोपला विद्याधर सामंतांच्या वर्कशॉपमध्ये ती व्हॉल्व्ह जुळवायची. साधेसुधे नव्हेत, फ्युजनच्या, म्हणजे अणुकेंद्रं जुळवून ऊर्जा काढायच्या यंत्राचे. त्यात सूर्यासारखा तापलेला वायू, म्हणजे प्लाझ्मा, कधीकधी बिथरतो आणि भिंतींवर उठतो. अशा वेळी पापणी लवायच्या आत या व्हॉल्व्हने गॅस सोडून त्याला थंड करायचं. एरवी मात्र गॅस जराही झिरपता कामा नये.

एकदा एक व्हॉल्व्ह तपासणीत झिरपला. खंडेनवमीच्या पूजेत सामंतांनीच त्याला अंगठ्याने कुंकू फासलं होतं, तेही उघड्या तोंडावर. त्या कुंकवामुळेच झिरपतोय, असं सुगंधाने म्हणायचा अवकाश, साहेब उसळले. "देवावर ढकलतेस? डोक्यावरचं खोबरेल बघ आधी!" सगळ्यांसमोर तिला साबणाने हात धुवायला लावले आणि घरी बसवलं. असला हा सद्गृहस्थ!

तो अपमान तिच्या जिव्हारी लागला. हेच व्हॉल्व्ह जिथे तपासून घेतात त्या अंधेरीच्या कंपनीत ती हट्टाने शिरली. यंदा सामंतांचा माल दसऱ्यानंतर येणार होता. खंडेनवमीला सकाळी 'व्हॉल्व्हला कुंकू लावू नका' असा तिने एक फोन केला असता तर भागलं असतं. तिने मुद्दामच केला नाही आणि दुसऱ्या दिवशी श्रीखंड चवीने खाल्लं.

व्हॉल्व्ह आला, झिरपला. तिने सामंतांना बोलावून घेतलं आणि सगळ्यांदेखत तो उघडला. आत झाकण टेकतं तिथेच लाल कण चिकटले होते.

"अगं, पूस ना! माझी वाट लावू नकोस," सामंत ओशाळं हसले. मग भोवतालची तोंडं बघून त्यांनी तडक वर्कशॉपमध्ये सुगंधाच्या जागी आलेल्या बाईला फोन लावला. "प्रेमा, काय घाण केलीस ही? उद्यापासून येऊ नकोस!"

सुगंधाचं डोकंच फिरलं. इतक्या वर्षांचा तिचा सूड या माणसाने बघता बघता दुसऱ्याच बाईच्या गळ्यात मारला होता.

"फोन ठेवू नका," ती म्हणाली. "स्पीकरवर टाका. कुंकू कोणी लावलं ते सांगा तिला. नाहीतर हा व्हॉल्व्ह धुऊन आणलात तरी मी हात लावणार नाही."

सामंतांनी मान खाली घातली. "प्रेमा... कुंकू मी लावलं होतं."

"मोठ्याने, साहेब. माझ्या वेळचंही सांगा. आणि मग हात धुऊन या, साबण तिथे ठेवलाय."