थांबवून ठेवलेली बस

मी गाव सोडलं त्या सकाळी चिंताकीच्या स्टँडवर बिदरची बस सुरू होऊन उभी होती आणि ड्रायव्हरच्या सीटवर माझाच बाप बसला होता. बिदरहून मी हैदराबादला जाणार होते, तिथून विमानानं जर्मनीला, हांबुर्गच्या एका हॉस्पिटलात नर्स म्हणून. बॅगा बसमध्ये चढल्या होत्या. मी मात्र खाली मायच्या गळ्यात पडून रडत होते, आणि माय काही केल्या सोडत नव्हती. आतून एक जण ओरडला, "ओ डायवर, कोर्टाची तारीख हाय माझी, चला की!" अप्पांनी मागं वळूनही बघितलं नाही. म्हणाले, "थांबू द्या जरा. लेकरू जायलंय."

आता हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. अप्पा गावातल्या कुणासाठीही बस थांबवायचे. एखादी म्हातारी गाठोडं घेऊन लांबून येताना दिसली की सगळी बस ओरडायची, "यायलीय, यायलीय!" आणि अप्पा गिअरवरचा हात काढून निवांत बसायचे. घरच्यांसाठी मात्र कधीच नाही. कॉलेजला असताना मी धापा टाकत स्टँडवर पोचले आणि बस डोळ्यांदेखत निघून गेली, असं कितीदा झालं. संध्याकाळी भांडले की म्हणायचे, "सरकारची बस हाय बाई, तुझ्या बापाची न्हाई." म्हणून त्या दिवशी ते थांबले तेव्हा मला जास्तच रडू कोसळलं.

हांबुर्गात कुणीच कुणासाठी थांबत नाही. स्टॉपवरच्या पाटीवर बस किती मिनिटांत येणार ते दिसतं, आणि मेली तेवढ्याच मिनिटांत येते. पहिल्या हिवाळ्यात एकदा फ्र्यूडीन्स्टला, म्हणजे सकाळच्या ड्यूटीला, निघाले होते. बर्फावरून पळत जाऊन बसच्या दारावर हात मारला. ड्रायव्हरनं माझ्याकडं बघितलं आणि बस काढली. तिथंच फुटपाथवर उभी राहून मी त्याला अस्सल चिंताकीच्या शिव्या घातल्या. शेजारची बाई हसून मला गुटन मॉर्गन म्हणाली.

मी तिकडं गेले आणि इकडं अप्पांची शुगर डोळ्यांत उतरली. स्टिअरिंग सुटलं. रिटायर होईपर्यंत त्यांना डेपोत बसवून ठेवलं आणि मग ते घरी आले. दारातल्या बाजेवर बसून रस्त्यानं जाणाऱ्या गाडीचा आवाज ऐकायचे आणि "हिचा क्लच गेलाय" एवढंच बोलायचे. मायनं मला फोनवर सांगितलं, "बोलतच न्हाईत गं माणसासंगं. जेवलात का म्हणलं तर मान हलवत्यात." मी तिकडं दुसऱ्यांच्या म्हाताऱ्या बापांना चमच्यानं सूप भरवत होते, आणि माझा बाप इथं मुका होत चालला होता. काय करणार होते मी?

केलं ते सिद्धूनं. सिद्धू म्हणजे माझा धाकटा भाऊ, औरादला त्याचं ऑनलाइन सेंटर आहे. तिथला एक जुना कॉम्प्युटर त्यानं घरी आणून ठेवला होता. त्यात एक जुनाट गेम होती. गच्चीवरून खाली वाकून बघावं तसं सगळं शहर वरून दिसायचं. घरांची छपरं, गाड्यांचे टप, माणसांची नुसती डोकी आणि खांदे. रस्त्याकडेच्या फोनची घंटी वाजायची, तो उचलला की कुणीतरी गुंड काम सांगायचा. मग रस्त्यावरची गाडी अडवायची, आतल्याला ओढून बाहेर फेकायचं आणि ती पळवायची. माणसं चिरडली की पोलीस मागं लागायचे. त्यांना चुकवायचं तर एका गॅरेजात घुसून गाडीला रंग मारून घ्यायचा. पण फोन उचललाच नाही तरी कुणी विचारत नव्हतं, गावभर वाट्टेल तिकडं हिंडता यायचं.

"चोऱ्या शिकायची गेम हाय व्हय ही?" असं म्हणून अप्पा उठायलाच लागले होते, तेवढ्यात पडद्यावरून एक लांबलचक बस गेली. अप्पा परत खाली बसले.

त्या बसपायी वेगळाच घोळ झाला. बस पाहिजे तर तिच्या ड्रायव्हरला ओढून काढावं लागायचं. सिद्धूनं तसं केल्यावर अप्पा खवळले. "त्याला कामून ओढायलास? ड्यूटीवर हाय त्यो!" सिद्धूनं शेवटी थाप मारली, "त्याची ड्यूटी संपली, अप्पा. तुम्ही रिलीव्हर हाव." तेव्हापासून रोज आधी तोंड फिरवून विचारायचे, "संपली का त्याची ड्यूटी?" सिद्धू म्हणायचा संपली, मग हे कीबोर्ड पुढ्यात ओढायचे. सिद्धू हे सांगताना पोट धरून हसायचा, मी ऐकताना हसायचे आणि फोन ठेवला की रडायचे.

जगानं त्या गेममध्ये माणसं मारली, माझ्या बापानं तिच्यात बस चालवली. प्रत्येक स्टॉपला थांबायचे. तिथं उभी असलेली माणसं खरंच आत चढायची, आणि अप्पा म्हणायचे, "फुडं सरका, फुडं सरका." त्यांनी स्टॉपना नावंही दिली होती. औराद, संतपूर, बिदर. त्या गेमची एक गंमत होती. गाडी जोरात पळवली की वरून बघणारे आपण उंच उंच जायचो आणि खालचं सगळं बारीक व्हायचं. अप्पा इतकं हळू चालवायचे की मागच्या गाड्या हॉर्न वाजवून बेजार व्हायच्या. सिद्धू चिडला तर म्हणायचे, "हळू चालवलं की माणसं मोठी दिसत्यात रं."

मग ते माझ्याशी फोनवर बोलायला लागले. "बाई, ह्या गेमवाणी तुमच्याकडं बी गाड्या उजव्या अंगानं जात्यात का?" मी म्हणाले, व्हय अप्पा. "मला जमतंय आता. डोळे नीट झाले की तिकडं यीन आन तुला बसवून फिरवीन." मी नर्स आहे. ते डोळे नीट होणारे नव्हते, हे मला कुणापेक्षाही जास्त माहीत होतं. तरी मी दरवेळी म्हणायचे, या की अप्पा, लवकर या.

पुढं डोळ्यांमागोमाग किडन्या गेल्या. बिदरच्या दवाखान्यात रात्रंदिवस सिद्धू एकटा बसून होता. माझ्या श्टात्सिओनवर, म्हणजे वॉर्डात, एक रीत आहे, दुसरी नर्स आल्याशिवाय पहिलीनं पेशंटपासून हलायचं नाही. मला रजा मिळाली तेव्हा मी सिद्धूला म्हणाले, मी येतेय रे, मी पोचले की तू झोप, अप्पांना मी बघते. हैदराबादला उतरून फोन लावला. सिद्धू नुसतं "अक्का" म्हणाला आणि रडायला लागला.

गावानं अप्पांची माती थांबवून ठेवली होती. उन्हं कलायला आली होती, पाहुण्यांना परत जायचं होतं, तरी कुणी उचला म्हणालं नाही. माझी गाडी स्टँडपाशी वळली आणि लोकांतून आवाज आला, "यायलीय, यायलीय!"

चिंताकीच्या माझ्या माणसांनो, आणि माझ्यासारखं बॅग उचलून लांब गेलेल्यांनो, गाव म्हणजे काय असं मला कुणी विचारलं तर मी तेवढंच सांगते. माझ्यासाठी थांबून राहिलेली ती माणसं.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले, आणि सिद्धूनं तो कॉम्प्युटर सुरू केला. मग त्यानं मला आजवर न सांगितलेलं सांगितलं. शेवटी शेवटी अप्पांना पडद्यावरचं काही दिसत नव्हतं. सिद्धू रस्ता सांगायचा, ते बोटं दाबायचे. एका स्टॉपवर बस उभी करून ते निघेचनात. "चला की अप्पा, कुणी न्हाई तिथं," सिद्धू म्हणाला. अप्पा म्हणाले, "नीट बघ रं. आपली बाई आसंल. तिच्या तिकडलं गाव हाय ते." जेवायला उठवीपर्यंत त्यांनी बस तिथंच धरून ठेवली होती.

मी कीबोर्ड पुढ्यात घेतला आणि गेममधल्या आपल्या माणसाला चालवत चालवत स्टॉपवर नेऊन उभं केलं. थोड्या वेळानं बस आली. मी ड्रायव्हरला ओढलं नाही, काहीच दाबलं नाही. बस जराशी थांबली आणि निघून गेली.

"अक्का, बस गेली की," सिद्धू म्हणाला.

"जाऊ दे," मी म्हणाले. "आपली न्हाई ती."